"दम असता तर टिकल्या असत्या" म्हणे!

मारवा: परवा मास्तरांनी इथे लिहिलं, "सतराव्या शतकातल्या तत्त्वज्ञ बाया हल्ली उकरून काढतात त्या अभ्यासक्रमात कोटा भरायला. दम असता तर काळाच्या चाळणीत टिकल्या असत्या." कसली चाळणी? अ‍ॅन कॉनवे १६७९ मध्ये गेली. ग्रंथ आला १६९० ला, अ‍ॅमस्टरडॅममध्ये, लॅटिनमध्ये, विनानावाचा. मूळ इंग्रजी वही गहाळ. १६९२ ची इंग्रजी आवृत्ती त्या लॅटिनवरून पुन्हा भाषांतर केलेली! डॅमरिस मॅशमचं पुस्तकही निनावी, ते काहींनी तत्त्वज्ञ जॉन लॉकच्या खात्यावर टाकलं. नावच नाही तर टिकणार काय, कपाळ?

खडूस मास्तर: डच तत्त्वज्ञ स्पिनोझाचाही ग्रंथ १६७० ला निनावीच आला. टिकला ना? आणि कॉनवे वाचलीय मी. चांगला घोडा सुधारत सुधारत पुढे माणूस होतो म्हणे. तत्त्वज्ञान आहे की पुराण?

मारवा: स्पिनोझा गेला त्याच वर्षी मित्रांनी त्याचं उरलंसुरलं छापलं. हिचं छापायला अकरा वर्षं लागली, तेही नाव न घालता. आणि त्याच 'पुराणा'शी आपले विचार बरेच जुळतात, असं जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझने पत्रात लिहिलंय.

चष्मिष्ट: पण बाईला स्वतःलाच नको असेल तर? बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त गेल्यावर, त्याला लिहिलेली आपली पत्रं छापायला साफ नकार दिला होता. १८७९ ला छापलीच. आमच्या आत्याने वही जाळायला सांगितली होती. तिच्या पश्चात चुलतभावाने त्यातली पानं स्मरणिकेत छापली, वर फोटो हार घालून.

मारवा: धागा कशावर, तुम्ही कुठे!

तिरकस: असू दे, हे महत्त्वाचं आहे. एलिझाबेथची पत्रं छापण्याआधी दोनशे वर्षं देकार्तची उत्तरं तेवढी छापील होती. फोनवरचं एकाच बाजूचं बोलणं ऐकावं तसं. जागा न व्यापणारं मन शरीराला हलवतं कसं, हे तिने १६४३ मध्ये विचारलं. जडपणा वस्तूला न ढकलता खाली नेतो तसं, असा दाखला त्याने दिला, तो तिने फेटाळला. हे दडवून ठेवायचं?

चष्मिष्ट: म्हणजे बायकांना न्याय द्यायचा तो त्यांचाच शब्द मोडून. छान.

तिरकस: दोन शतकांनंतरही तिची परवानगी मागायला कुठे जायचं, तेही सांगा.

खडूस मास्तर: बरं, एलिझाबेथ दिली तुम्हाला. देकार्तची भंबेरी उडवली खरी. घोडा मात्र नापासच.

मारवा: उपकार झाले.

चष्मिष्ट: चालू द्या तुमचं. आत्याची उरलेली पानं माझ्याकडे आहेत. चुलतभाऊ दर दिवाळीला मागतो. देणार नाही.