पॉइंट टू-टू रायफलीसाठी काडतुसे स्वतः भरता येतील का?

करवीरकर: तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकमध्ये ज्या ५० मीटर प्रोन (पालथे झोपून नेम धरण्याच्या) प्रकारात विश्वविजेतेपद मिळवले, त्याचाच सराव मी कोल्हापुरात करतो. परदेशातील शिकारी स्वतः काडतुसे भरून रायफलीची अचूकता वाढवतात. आपल्याला तसे करता येईल का?

पंचगंगाकाठ: नाही. त्यांच्या सेंटरफायर काडतुसाची टोपी, म्हणजे बुडाच्या मध्यभागी असलेला पेट घेणारा भाग, बदलता येते, म्हणून दारूचे वजन आणि गोळीची खोली रायफलीला मानवेल अशी ठरवता येते. आपल्या पॉइंट टू-टूच्या रिमफायर काडतुसात मात्र पेट घेणारे मिश्रण कवचाच्या कडेतच असते आणि आघाताने ती कडाच चेपते, त्यामुळे कवच पुन्हा भरता येत नाही. शिवाय शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे हा गुन्हा आहे.

रंकाळावासी: आपल्या हाती उरते ती लॉटची, म्हणजे कारखान्यात एका खेपेत बनलेल्या काडतुसांची, निवड, आणि तीही थोडकी नव्हे, कारण लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ अवघ्या १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. रायफल क्लॅम्पमध्ये पकडून प्रत्येक लॉटच्या दहा-दहा गोळ्या एकाच दिवशी झाडाव्यात आणि छिद्रे किती जवळ पडतात ते मोजावे. लॉट बदलल्यावर पहिल्या काही गोळ्या मोजणीत धरू नयेत. नळीत आधीच्या गोळ्यांचे वंगण राहिलेले असते. माझा स्वस्त लॉट महागड्यापेक्षा सरस ठरला होता!

करवीरकर: आभारी आहे. रविवारी दोन लॉट तपासतो.