भाड्याच्या भट्टीत काम देताना

स्वतःची भट्टी नसताना मुंबईत सिरॅमिक कसं चालू ठेवायचं, असं एकाने विचारलंय. दुसऱ्या स्टुडिओत भाडं देऊन भाजून घेता येतं, पण माती कोणती हे आधी स्पष्ट सांगा. धारावीच्या कुंभारवाड्यातली लाल माती साधारण १००० अंशांपर्यंतची. ती १२२० अंशांच्या स्टोनवेअर (जास्त तापमानाला भाजायची टणक माती) भट्टीत गेली तर फुगते, वितळून शेल्फला चिकटते आणि शेजारच्याची मेहनतही वाया जाते. अशाने एकमेकांवरचा विश्वास उडतो, आणि या शहरात आपलं काम त्या विश्वासावरच चालतं. तळापासून ३-४ मिलिमीटर ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) पुसूनच द्या. वाहणाऱ्या ग्लेझखाली भाजलेल्या मातीची चकती ठेवा.

पावसाळ्यात वस्तू वरून कोरडी दिसते, आत ओल असते. गालाला थंड लागली तर थांबा. पहिल्या भाजणीत ८०-९० अंशांवर काही तास धरायला सांगा, जाड कामाला जास्त. नाहीतर १०० च्या पुढे वाफ होऊन तुकडे उडतात.

प्रदर्शनांसाठी अर्ज करणार असाल तर भट्टीतून काढल्याबरोबर माप, वजन, माती, तापमान लिहून साध्या राखाडी पार्श्वभूमीवर फोटो काढा. इंडियन सिरॅमिक्स ट्रिनाले हे सिरॅमिक कलेचं मोठं प्रदर्शन. ती २०१८ मध्ये जयपूरला आणि २०२४ मध्ये दिल्लीला झाली. तिथे मांडणीशिल्पांनाही जागा मिळते, फक्त भांड्यांवर अडू नका.