समुद्रातल्या पवनचक्क्या: उभ्या आसाच्या तरंगत्या चक्कीवर पैसा लावावा का?

अक्कलकोट_रोड: समुद्र आपल्यापासून तीनेकशे किलोमीटर लांब, तरी विषय सोलापूरचाच आहे. रात्रपाळीच्या यंत्रमागांना सौरऊर्जा मिळत नाही, पावसाळ्यात ती दिवसाही घटते. नेमका तेव्हाच अरबी समुद्रावर वारा जोरात असतो.

जून २०२४ मध्ये केंद्राने समुद्री पवनऊर्जेसाठी ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली. गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात ५००-५०० मेगावॉट. पण तळात खांब रोवणं साधारण साठ मीटर खोलीपर्यंतच परवडतं. त्यापुढे तरंगतीच चक्की हवी. नेहमीच्या चक्कीचं जनित्र शंभरेक मीटर उंचावर, म्हणून ती तोलायला खालचा तरंगता सांगाडाही अवजड लागतो. उभ्या आसाच्या चक्कीत पाती उभ्या खांबाभोवती भोवऱ्यासारखी फिरतात, म्हणून जनित्र पाण्यालगत बसतं, शिवाय वारा फिरला तरी तोंड फिरवावं लागत नाही. सरकारने यावर आत्ताच पैसा लावावा असं माझं ठाम मत आहे.

टॉवेल_चिंचोली: साफ असहमत. युनिटचा दर वाढला की निर्यातीची ऑर्डर हातची जाते, हे आम्ही भोगतोय. प्रयोग श्रीमंत देशांनी करावेत, सिद्ध झालं की आपण घेऊ.

निवृत्त_अभियंता: जनित्र खाली आलं म्हणजे दुखणं संपलं असं नाही. कॅनडात क्विबेकला ११० मीटर उंचीची 'एओल' चक्की होती, उभ्या आसाची. १९९३ मध्ये बंद पडली ती तळाच्या बेअरिंगमुळेच. दुसरं, प्रत्येक पातं एका फेरीत एकदा वाऱ्यासमोर येतं आणि एकदा पुढच्या पात्यांच्या आडोशाला जातं. भार सारखा कमी-जास्त होतो, त्याने जोड थकतात.

अक्कलकोट_रोड: सर, जोडांचा मुद्दा मान्य. बेअरिंगचा नाही. 'एओल' जमिनीवर होती, सगळं वजन त्या एका बेअरिंगवर. स्वीडनच्या 'सीट्विर्ल' कंपनीच्या चक्कीत खालच्या तरंगत्या भागासकट अख्खा मनोरा फिरतो, वजन पाणी पेलतं. २०१५ मध्ये तिथल्या लिसेशिलजवळ त्यांनी ३० किलोवॉटची चक्की समुद्रात उतरवली. उलट २०१७ चा 'हायविंड स्कॉटलंड' हा तरंगत्या चक्क्यांचा प्रकल्प बघा, नेहमीच्याच आडव्या आसाचा. २०२४ मध्ये मुख्य बेअरिंग बदलायला त्याच्या पाचही चक्क्या ओढत नॉर्वेला न्याव्या लागल्या.

टॉवेल_चिंचोली: ३० किलोवॉट म्हणजे एक एचपीच्या मोटारीचे चाळीस माग! एवढ्यावर कोटी लावायचे? आणि २०२१ चं तौक्ते वादळ विसरलात का? मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात तराफा बुडून कितीतरी कामगार गेले. अशा समुद्रात न तपासलेलं यंत्र सोडू नये.

निवृत्त_अभियंता: वादळ हीच खरी परीक्षा. पाती वळवून वारा सोडून द्यायची सोय नेहमीच्या चक्कीत असते, उभ्या आसाच्या बऱ्याच रचनांत नसते. आधी याचं उत्तर हवं.

अक्कलकोट_रोड: म्हणूनच तर प्रयोग इथे, आपल्या पावसाळ्यात व्हायला हवा. युरोपच्या उत्तर समुद्रातल्या अनुभवावर आपली वादळं कशी समजणार? योजनेच्या दोन टक्के, म्हणजे दीडशे कोटींच्या आत, एक मोठी चक्की उभारा आणि तिची सगळी मोजमापं जाहीर करा.

टॉवेल_चिंचोली: दोन टक्क्यांनाही माझा विरोधच. तेवढ्यात आमच्या एमआयडीसीतल्या किती छपरांवर पॅनेल आणि खाली बॅटरी बसेल, ते आधी मांडा.