कोर्टाची ऑर्डर आहे तरी सासू-सासरे मुलाला भेटू देत नाहीत, काय करू?

रानजाई:
मुलगा सहा वर्षांचा आहे. फॅमिली कोर्टाने ताबा नवऱ्याला दिला आणि मला दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सकाळी 11 ते संध्याकाळी 5 भेट. पण नवरा नोकरीसाठी बाहेरगावी असतो आणि मुलगा आजी-आजोबांकडे. गेले चार शनिवार मी गेटवरनं परत येतेय. आधी म्हणाले ताप आहे, मग झोपलाय, मग आत्याकडे गेलाय, आणि परवा सासऱ्यांनी सरळच सांगितलं की ऑर्डर तुमच्या दोघांतली आहे, आमचं नाव कुठाय त्यात, आम्हाला लागू नाही. नवऱ्याला फोन केला तर म्हणतो मी तिथे नाहीये, तू त्यांच्याशीच बोल. परवा मुलगा वरच्या खिडकीत ग्रिल धरून उभा होता, मी हात केला तर त्याने पण अर्धवट हात वर केला आणि तेवढ्यात मागून कुणीतरी पडदा ओढला. त्याच्यासाठी घेतलेले बूट दोन महिने माझ्या बॅगेतच आहेत, आता बहुतेक लहान होतील. पोलिसात जाऊ का? भाऊ म्हणतोय चल, आपण जाऊन घेऊनच येऊ त्याला.

उंबरठा:
ताई, भावाला आधी थांबवा. मी हेच केलं होतं, गेटवर आरडाओरडा केला, त्यांनी मोबाइलवर शूटिंग केलं आणि पुढच्या तारखेला त्यांनी भेट का नाकारली हे राहिलं बाजूला, मीच खुलासा देत बसलो. सहा महिने त्यात गेले.
ऑर्डरची सर्टिफाइड कॉपी बरोबर ठेवा. ऑर्डरमधल्या प्रत्येक शनिवारी जायचंच, नाही म्हणणार हे माहीत असलं तरी, कारण एक वारी चुकली की ते म्हणतात हीच येत नाही. तिथूनच नवऱ्याला मेसेज टाका, सासऱ्यांना नाही, नवऱ्याला. साधा: "10.55 ला पोचले, मुलाला पाठवलं नाही, कारण अमुक सांगितलं, 11.40 ला निघाले." त्यात टोमणा नको की रडगाणं नको, हा मेसेज उद्या जज वाचणार आहेत असं धरून लिहा. पोलीस बहुतेक वेळा कोर्टाचं मॅटर आहे म्हणून एनसी (अदखलपात्र तक्रारीची नोंद) घेतात आणि सोडून देतात, पण त्या एनसीवर तारीख असते, ती कामाला येते. पोलीस मुलाला बाहेर आणून देतील ही आशा ठेवू नका.

काळा_कोट:
मी फॅमिली कोर्टात प्रॅक्टिस करते. सासऱ्यांचं "आम्ही पार्टी नाही" ऐकायला बरं वाटतं पण त्याने नवरा सुटत नाही. ताबा त्याला दिलाय, मूल त्याने कुणाकडे ठेवलं हा त्याचा प्रश्न, शनिवारी 11 वाजता मूल तयार ठेवायची जबाबदारी त्याचीच. तेव्हा त्याच्याविरुद्ध त्याच कोर्टात दरखास्त, म्हणजे ऑर्डरच्या अंमलबजावणीचा अर्ज, टाका. 1984 च्या फॅमिली कोर्ट कायद्याचं कलम 18 आहे, या कोर्टाच्या ऑर्डरची अंमलबजावणी दिवाणी कोर्टाच्या ऑर्डरसारखीच करून घेता येते. सोबत एक अर्ज द्या की मूल प्रत्यक्षात आजी-आजोबांकडे आहे म्हणून त्यांना सामील करून त्यांच्या नावाने स्पष्ट निर्देश द्यावेत. एकदा नाव आलं की "लागू नाही" म्हणता येत नाही.
ऑर्डर पण नीट वाचा. बऱ्याच ऑर्डरमध्ये नुसतं "भेट द्यावी" असतं, कुठून घ्यायचं, कोण सोपवणार, आजारी असेल तर बदली दिवस कोणता, काहीच नसतं, आणि सगळी भांडणं तिथेच होतात. ते सगळं लिहून मागा, घरी जमत नसेल तर सुरुवातीचे काही महिने कोर्टाच्या चिल्ड्रन कॉम्प्लेक्समध्ये (कोर्टातच मुलांना भेटायची जागा) भेट मागा, आणि मधल्या दिवसांत व्हिडिओ कॉल. यशिता साहू केसमध्ये 2020 साली सुप्रीम कोर्टाने व्हिडिओ कॉलचं सांगितलंय, आणि दोन्ही पालकांचा सहवास हा मुलाचा मूलभूत मानवी हक्क आहे असंही म्हटलंय. तुमचा नाही, मुलाचा. अर्जात भाषा तीच ठेवा.
ऑर्डर मोडली म्हणून कोर्टाच्या अवमानाची याचिका हायकोर्टात होते, पण ती नंतर, पहिल्याच वाराला नको. फक्त एक वर्षाची मुदत असते हे विसरू नका. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, 1987 च्या कायद्याने बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

उंबरठा:
आणि पोटगीचा विषय यात मिसळू नका. वैतागून मी ती थांबवली होती, भेट वेगळी आणि पोटगी वेगळी असं कोर्टाने सुनावलं मला.

सायली_वारा:
मी या गोष्टीतल्या खिडकीतल्या बाजूने लिहितेय. बाबा यायचे त्या दिवशी मला मागच्या खोलीत बसवायचे आणि टीव्हीचा आवाज मोठा करायचे, संध्याकाळी सांगायचे की आला नाही तो. मी खूप वर्षं तेच खरं मानलं. एकदाच लाइट गेली, टीव्ही बंद पडला आणि मला गेटची कडी आणि त्यांचा आवाज ऐकू आला. तुम्ही जात राहा हो. तुमच्या मुलाने तुम्हाला बघितलंय, हातही केलाय.

रानजाई:
सायली, तुझं वाचून फोन बाजूलाच ठेवला थोडा वेळ. भावाला नको म्हणून सांगितलं. काळा कोट मॅडम, एकच भीती, कोर्टात मुलालाच उभं करून "मला आईकडे जायचं नाही" वदवून घेतलं तर?

काळा_कोट:
सहा वर्षांच्या मुलाचं एका वाक्यावर कुणी ठरवत नाही. त्याच्याशी काउन्सेलर बोलतात, गरज पडली तर जज चेंबरमध्ये बोलतात, आणि एकाच बाजूला राहिलेल्या मुलाच्या मनात दुसऱ्याबद्दल काय भरलं जातं हा प्रकार कोर्टांना नवीन नाही, विवेक सिंग केसमध्ये 2017 साली सुप्रीम कोर्टाने त्याबद्दल लिहिलंय. त्याच्याकडून तुमच्याबद्दल काही वदवून घ्यायला जाऊ नका, भेटला की खेळा फक्त. अर्जात बुडालेल्या चारही शनिवारांच्या बदल्यात दिवस मागा, तारखा घालून. आणि या शनिवारी जाताना बूट बदलून एक नंबर मोठे घ्या.