नळ, लाइट, वाफसा : तुमच्या घरचा दिवस कोण ठरवत असे?

गंजगोलाईवाली (लातूर)
गेल्या आठवड्यात घरचा माळा आवरताना २०१६ सालचे भिंतीवरचे कॅलेंडर सापडले. त्या वर्षी १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन आली, हे सर्वांना ठाऊक आहे. मला आठवले ते त्या दिवसांतले घरातले वेळापत्रक. आईने कामांचे तीनच भाग पाडले होते : पाणी येण्याआधीची, पाणी असतानाची आणि पाणी गेल्यावरची. भांडी रिकामी करून राखेने कोरडी घासणे पहिल्यात, पिण्याचे पाणी गाळून भरणे दुसऱ्यात, आणि तांदूळ धुतलेले पाणी तुळशीला की फरशीला, हा वाद तिसऱ्यात. पुढे नोकरीतल्या एका प्रशिक्षणात चार चौकोन आखून तातडीची आणि महत्त्वाची कामे वेगळी करायला सांगितले, तेव्हा मी आईचे तीन भाग लिहिले आणि शिकवणाऱ्यांनी ते खोडले. कॅलेंडरवर टँकरच्या दिवसांना गोल आहेत, गॅसच्या दिवसांना फुल्या आहेत. काही चौकटींत मात्र लहान त्रिकोण आहेत, त्यांचा अर्थ मला लागत नाही. तुमच्याकडे दिवसाची आखणी कशी होत असे, ते जरूर लिहावे.

काळीमाती (परभणी)
त्रिकोण म्हणजे दूधवाल्याचे खाडे असावेत. आमचा दिवस लाइट ठरवते. मोटारीला एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री लाइट असते, त्यामुळे दिवसपाळीत बँकेत जायला वेळ नसतो आणि रात्रपाळीत हरभऱ्याला पाणी देऊन आल्यावर डोळा उघडत नाही. पण या सगळ्यांवर वाफसा, म्हणजे पावसानंतर रान कामाजोगे ओलसर होण्याची वेळ, वरचढ आहे. काळ्या रानात घाई केली तर चिखल तुडवला जातो आणि उशीर केला तर ढेकळे निघतात. मधले दोन-तीन दिवस काय ते आपले. साडूच्या मुलीचे लग्न नेमके वाफशात आले. अक्षता पडताच न जेवता परत आलो, तोवर ट्रॅक्टरवाला दुसऱ्याच्या रानात गेला होता. साडू अजून बोलत नाहीत.

निवांत (जालना)
पंगत तरी साधायची होती. जेवायला काय होते?

काळीमाती (परभणी)
वांग्याची भाजी आणि बुंदी होती, असे ऐकून आहे.

लाल शाई (छत्रपती संभाजीनगर)
पैठणला जायकवाडी भरलेले असले तरी आमच्या गल्लीत नळ कित्येक दिवसांनी येतो आणि तोही बहुधा रात्री दीड-दोनला. झोपमोड होणारच आहे, तर उत्तरपत्रिका त्याच रात्रींसाठी राखून ठेवाव्यात, असे मी ठरवले होते. हौद भरत आला की पाणी पडण्याचा आवाज बदलतो, तेवढ्यावर कान ठेवून मी तपासत बसते. एकदा नववीच्या निबंधांत इतकी रमले की हौद वाहून शेजाऱ्यांची ज्वारीची दोन पोती भिजली. तेव्हापासून नळाच्या रात्री मी फक्त ‘रिकाम्या जागा भरा’ तपासते.

आंबील (धाराशिव)
कामांचा क्रम म्हणजे काय, हे ज्याला शिकायचे असेल त्याने येळवशीच्या, म्हणजे रानात जेवायच्या वेळ अमावास्येच्या, आदल्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात यावे. आंबील आंबायला वेळ घेते, म्हणून ती सर्वांत आधी; भज्जीची कडधान्ये भिजवल्याखेरीज पुढे काही हलत नाही; आणि भाकरी पहाटेच थापायची, कारण ऊन चढायच्या आत डोक्यावर टोपले घेऊन रानात पोचायचे असते. सासूबाईंच्या काळात ताक घरचे असे, आता पिशवीतले आणावे लागते आणि त्याला तो आंबटपणा येत नाही. कोणाकडे यावर उपाय आहे का?

निवांत (जालना)
ताक मातीच्या मडक्यात दोन दिवस ठेवून पाहावे.

उंबरठा (नांदेड)
सर्व अनुभव गोड आहेत, परंतु एक गोष्ट खटकली. हौदावर कान ठेवणारी बाई, टोपले उचलणारी बाई, कॅलेंडरवर खुणा करणारी बाई. मग ही आखणी नेमकी कोणाच्या झोपेतून कापली गेली? आमच्या घरी नळाच्या रात्री वडील एकच काम करत. ‘आला का गं?’ असे अंथरुणातून विचारत.

काळीमाती (परभणी)
मान्य आहे. मी रात्री रानात असतो तेव्हा घरच्या हौदाकडे कोण पाहते, हे मी लिहायला विसरलो.

गंजगोलाईवाली (लातूर)
आई सध्या बहिणीकडे आहे. आज दुपारी तिला फोन करून त्रिकोणांबद्दल विचारले. आधी तिला आठवेना, मग हसायला लागली. म्हणाली, “न्हायचे दिवस होते माय ते. केस धुवायलाच दोन बकेटा लागायच्या.” फोन ठेवून पुन्हा पाने उलटली. जानेवारीत चार त्रिकोण आहेत, फेब्रुवारीत दोन आणि मार्चमध्ये एक. एप्रिलमध्येही एक आहे, पण तो खोडून त्याच चौकटीत ‘पाहुणे’ असे लिहिलेले आहे.