परत आल्यावर आधी नातेवाइकांची दारं वाजवायची की नाही?

रायलंड्सची बाई

परवा इथे जोहान्सबर्गजवळच्या मिडरँडकरांनी लिहिलं होतं, "दक्षिण आफ्रिकेत परत येताय तर आधी घर, गाडी, मुलांची शाळा बघा. नातेवाइकांना सहा महिने कळवूच नका. ते तुमच्यासाठी थांबलेले नसतात." दोन दिवस हे डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते.

माझा जन्म केप टाउनच्या डिस्ट्रिक्ट सिक्समधला. आजोबा रत्नागिरी जिल्ह्यातल्या फुरूसहून आलेले, हॅनोव्हर स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत भाड्याच्या घरात राहायचे. ११ फेब्रुवारी १९६६ ला तो भाग फक्त गोऱ्यांसाठी जाहीर झाला आणि पुढच्या काही वर्षांत साठ हजारांच्या आसपास माणसं हलवली. आमच्यावर पाळी आली १९७२ मध्ये. चुलत्यांना केप टाउनमध्येच रायलंड्सला जागा मिळाली, अब्बांना नाही. अम्मी आम्हा तिघा भावंडांना घेऊन डर्बनहून बोटीने मुंबईला आली आणि तिथून गावी. मी सात वर्षांची होते. पुढे मराठी शाळेत शिकले, महाडजवळ मराठीच शिकवलं आणि २०२२ मध्ये मुलाकडे परत आले.

पोहोचल्यावर अकराव्या दिवशी फुफूकडे, म्हणजे आत्याकडे गेले. वय अठ्ठ्याऐंशी, नजर गेलेली. माझं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं. ती गप्प. मग म्हणाली, "तुझ्या आईने माझं मशीन ठेवलंय की विकलं?" निघताना अम्मीने तिचं हाताचं सिंगर मशीन मागून नेलं होतं, परत आल्यावर देते म्हणून. पन्नास वर्षं ते फुरूसच्या माळ्यावर आहे. ते आमचं नाही, हेच मला माहीत नव्हतं. त्या दुपारी फुफूने आजोबांच्या पाचही भावांची नावं सांगितली, कोण कर्जी गावाला दिला आणि कोणाचं लग्न मोडलं तेही. चौथ्या महिन्यात ती गेली. सहा महिने थांबले असते तर काय ऐकलं असतं?

मिडरँडकर

बाई, तुमच्या फुफूबद्दल वाचून वाईट वाटलं. पण तुम्ही निवृत्त होऊन मुलाच्या तयार घरात आलात. मी २०२१ मध्ये बायको आणि दोन मुलं घेऊन पुण्याहून परत आलो तेव्हा भाड्याच्या घराचा करार नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नाही आणि पत्त्याच्या पुराव्यावाचून बँकेत खातं उघडेना. मावसभाऊ म्हणाला, मागच्या कॉटेजमध्ये राहा. राहिलो. तीन महिने शनिवार-रविवार मी त्याच्या दुकानाच्या गल्ल्यावर आणि बायको त्यांच्या स्वयंपाकघरात. वर त्याच्या मेहुण्याने चाळीस हजार रँड उसने नेले, ते आजतागायत आलेले नाहीत. मागितले तर मावशीचा पुण्याहून फोन, "एवढ्याशा पैशासाठी नातं तोडतोस?" नातं मी तोडलं नाही. मी उपकाराखाली राहिलो म्हणून ते सडलं. आधी स्वतःच्या पायावर उभं राहा आणि मग मिठाई घेऊन जा, एवढंच माझं म्हणणं आहे.

हरारेची सून

तुम्ही दोघंही 'नातेवाईक' म्हणता तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर फक्त भारतीय चेहरे असतात, ते मला खुपतं. मी मिरजेची, नर्स. नवरा झिम्बाब्वेतल्या शोना समाजातला. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरहून हरारेला परत आलो. "सहा महिने कळवू नका" हे माझ्या सासरी उच्चारता येणार नाही. पहिल्याच शनिवारी तेते आल्या, म्हणजे नवऱ्याची आत्या, आणि शोना घरात आत्येचा शब्द शेवटचा. बरोबर चौदा माणसं. सगळी खाली बसली, टाळ्या वाजवल्या, बायकांनी हाताच्या ओंजळी करून, आणि प्रत्येकाची खुशाली विचारून झाल्याशिवाय कोणी कामाचं बोललं नाही. ओंजळीतून तो खोल आवाज काढायला मला दोन वर्षं लागली.

हो, मग यादी आली. कोणाची फी, कोणाचं छप्पर. पण माझ्या नवऱ्याच्या कॉलेजसाठी याच माणसांनी गाई विकल्या होत्या. आपल्याकडे चाकरमानी गणपतीला गावी जातो तसं तिथे डिसेंबरात कुमुशाला, मूळ गावी जायचं. परत आलेल्याने तर आधी तिथेच जायचं. आणि मिडरँडकर, महिन्याला किती द्यायचं हा आकडा तेतेंनीच ठरवून दिला. त्याच्या वर मागणाऱ्याला त्या परस्पर गप्प करतात. तुमच्याकडे तेते नव्हती, ही तुमची अडचण.

राहता राहिलं माझं माहेर. लग्नाला मिरजेहून एक माणूस आलं नाही. आता हरारेत बंगला आहे म्हटल्यावर तिघांना व्हिक्टोरिया फॉल्स बघायचाय. त्यांना मी सहा महिने काय, सहा वर्षं कळवलं नाही.

रायलंड्सची बाई

हरारेच्या ताई, पटलं. मिडरँडकर, उपकाराखाली नातं सडतं हे मलाही मान्य करावं लागतंय, कारण माझाही एक जुना राग आहे. हलवलेल्या लोकांचे भरपाईचे दावे सरकार घेत होतं तेव्हा, १९९८ मध्ये, चुलतभावांनी आमच्या त्या घराचा दावा लावला. वारसांच्या यादीत अब्बांचं नाव नाही. आम्हाला साधं पत्र नाही. मला हे कळलं फुफूच्या मयताच्या दिवशी, भांडी घासताना.

सॉल्ट रिव्हरचा जावई

आता बोलावंच लागेल. मी चिपळूणचा. १९९६ मध्ये लग्न होऊन इथल्या कोकणी घरात आलो. सासऱ्यांचा डिस्ट्रिक्ट सिक्सचा दावा मी माझ्या हाताने भरला. शेवटची तारीख ३१ डिसेंबर १९९८. भाडेकरूंनाही दावा करता येत होता, पण पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची भाड्याची पावती आणायची कुठून? जुन्या शेजाऱ्यांना शोधून त्यांची प्रतिज्ञापत्रं घेतली. कामावरच्या सुट्ट्या गेल्या. मिळाले किती? १७,५०० रँड. पाच भावंडांत प्रत्येकी साडेतीन हजार. सासऱ्यांच्या वाट्यात न्हाणीघराचं छप्पर झालं. आणि तेवढ्यावरून रत्नागिरी जिल्ह्यातून आजवर आम्ही चोर!

परत येणारे सगळे हिशेब मागायला येतात. तुम्ही गेल्यावर तुमच्या आजीला शेवटपर्यंत कोणी उचललं-बसवलं? रमजानमध्ये शेजाऱ्यांकडे ताटं कोणी पोचवली? तुम्ही ज्या फुफूकडे एक दुपार बसलात तिला दर आठवड्याला डायलिसिसला कोण नेत होतं, कधी विचारलंत? आणि तिचं मशीन माळ्यावर आहे म्हणता. ते परत केलंत?

रायलंड्सची बाई

"तुम्ही गेलात" हे शब्द पुन्हा वापरू नका. आम्ही गेलो नाही, आम्हाला काढलं. भारत सरकारने १९४६ मध्येच व्यापार तोडला होता, पुढे भारतीय पासपोर्ट दक्षिण आफ्रिकेसाठी चालत नव्हता, राजनैतिक संबंध सुरू झाले १९९३ च्या अखेरीस. अब्बा त्याआधी दोन वर्षं वारले. आपल्या आईला बघायला ते भारतातून इथे कोणत्या कागदावर येणार होते? मी वाटा मागत नाही. यादीत त्यांचं नाव हवं. फक्त नाव.

फुफूला डायलिसिस नव्हतं, गुडघे गेले होते. दुसऱ्याच्या घरचं माहीत नसताना लिहू नये.

मिडरँडकर

दावे पुन्हा उघडले होते ना? २०१४ मध्ये कायदा झाला होता. नवीन दावाच भरा की.

सॉल्ट रिव्हरचा जावई

उघडले आणि २०१६ मध्ये घटनात्मक न्यायालयाने तो कायदा रद्द केला. आधीचे दावे निकाली निघाल्याशिवाय नव्यांना हात लावायचा नाही, असं झालं. अर्धवट माहितीवर लोकांना रांगेत उभं करू नका, या असल्या सल्ल्यांपायी माझ्या मेव्हणीने दोन दिवस फुकट घालवलेत.

बाई, डायलिसिस माझ्या सासूबाईंचं होतं. रागात एकीचं दुसरीला लावलं, माझं चुकलं. बाकीचं मागे घेत नाही. एक मात्र कबूल करतो, आमच्या अर्जातही मुंब्र्याला असलेल्या मोठ्या सासऱ्यांचं नाव मी घातलं नव्हतं. सह्या आणायला वेळ नव्हता असं मी सगळ्यांना सांगत आलो. खरं तर एक वाटेकरी कमी, हेही मनात होतं.

हरारेची सून

हे लिहायला हिंमत लागते.

मिडरँडकर

मला अजूनही वाटतं की बाई स्वतःच्या भाड्याच्या घरात राहत असत्या तर भांडी घासताना हे ऐकावं लागलं नसतं. पण फुफूपुरतं माझं "सहा महिने" मी मागे घेतो. ऐंशीच्या वरच्यांना पहिल्या आठवड्यात भेटा. बाकीच्यांबद्दल माझं मत तेच.

रायलंड्सची बाई

मिडरँडकर, तेवढंही पुरे.

जावईबापू, तुम्ही लिहिलंत म्हणून मीही सांगते. काल चुलतभावाला घेऊन बुइटेनकँट स्ट्रीटच्या डिस्ट्रिक्ट सिक्स म्युझियममध्ये गेले. तिथे जमिनीवर जुन्या वस्तीचा नकाशा आहे, लोकांनी आपापल्या घरांच्या जागी नावं लिहिली आहेत. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसलो. आमची गल्ली कोणती यावरून अर्धा तास भांडलो. तो म्हणतो कोपऱ्यापासून तिसरं घर, मी म्हणते चौथं. दाव्याचा विषय त्यानेच काढला. अर्ज त्याच्या मोठ्या भावाने भरला होता, तो आता ऑस्ट्रेलियात असतो, संदर्भ क्रमांक मागून देतो म्हणाला. देईल की नाही, बघू.

रविवारी सकाळी कोएसिस्टर, म्हणजे इथले पाकातले तळलेले गोड वडे, घेऊन फुफूच्या मुलीकडे जातेय. मशीनबद्दल तुम्ही विचारलंत ते लागलं, कारण उत्तर "नाही" होतं. भावाला फुरूसला फोन केला. त्याने माळ्यावरून उतरवलंय. चाक फिरतंय म्हणाला, लाकडी झाकणाची कडी तुटलीय. मुंबईहून इथे कोण येणार असेल तर कळवा, वजन साधारण बारा किलो भरेल.