मका भरड्याने प्रथिनांची तूट भरत नाही
या चर्चेत वर कोणी सुचवलंय की माण-सांगोल्याकडच्या उन्हाळ्यात चरून आलेल्या शेळ्यांना संध्याकाळी मक्याचा भरडा वाढवावा. माझं मत वेगळं आहे. वाळलेल्या गवतात प्रथिनं ३-४ टक्क्यांवर येतात आणि पोटातल्या जिवाणूंना साधारण ७-८ टक्के तरी लागतात. तेवढी मिळाली नाहीत तर ते चाराच नीट पचवत नाहीत, मग शेळी खातेही कमी. मक्यात प्रथिनं जेमतेम ९ टक्के, म्हणजे गरजेपेक्षा जराशीच जास्त, आणि भरडा चाऱ्याच्या मानाने थोडाच देता येतो, त्यामुळे नुसता मका वाढवून ही तूट भरत नाही. उलट एकदम जास्त दिला तर पोटात आम्लता होते. प्रथिनांसाठी शेंगदाणा पेंड थोडीच द्या, पण ती द्या.

आम्ही कोकणातले, पाऊस ढीगभर. तरी फेब्रुवारीनंतर आमचा कातळसडाही (जांभ्या खडकाचा उघडा माळ) तुमच्या माळासारखाच पिवळा पडतो. पेंड परवडत नाही तेव्हा मी बांधावरच्या गिरीपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया) झाडाचा पाला देतो. त्यात प्रथिनं वीस टक्क्यांच्या पुढे असतात. पहिल्या वेळी ताजा टाकला तर शेळ्यांनी वास घेऊन तोंड फिरवलं, फार निराशा झाली होती. मग आदल्या दिवशी तोडून सावलीत सुकवला, फणसाच्या पाल्यात थोडा थोडा मिसळला आणि आठवड्याभरात सगळ्या खायला लागल्या. गाभण शेळ्यांना शेवटचे दोन महिने हा पाला मी चुकवत नाही, कारण करडाची बरीचशी वाढ तेव्हाच होते. गिरीपुष्पाच्या फांद्या पावसाच्या तोंडावर लावल्या की सहज जगतात, तुमच्याकडे विहिरीकाठी नक्की लावून बघा.